गिलक्यांचा उन्हाळा

गेल्या वैशाखात मी हातात टोपली घेऊन आमच्या वसाहतीतल्या घराघराची कडी वाजवीत हिंडलो. शिक्षक दारात उभा राहिला की आमच्याकडे लोक आधी घरातली माणसे मोजू लागतात. कारण मास्तर आला म्हणजे मतदारयादी तरी असणार, नाही तर कसले तरी सर्वेक्षण. पहिल्याच घरातल्या आजोबांनी मला पाहून आत हाक दिली, "अगं, सगळ्यांची आधार कार्डं काढ, गुरुजी आलेत!" मी टोपलीवरचे ओले फडके बाजूला केले आणि ओशाळून म्हटले, "नाही हो आजोबा, गिलकी आणलीत."

पुण्यामुंबईकडे ज्याला घोसाळे म्हणतात, त्याला आम्ही खानदेशात गिलके म्हणतो. नावात काय आहे, असे कोणी म्हणेल. पण घोसाळे म्हटले की माझ्या तोंडाला चव येत नाही, आणि गिलके म्हटले की आमच्या मायच्या हातची, लसणीचा ठसका दिलेली भाजी डोळ्यांपुढे उभी राहते.

या वसाहतीत मी बारा वर्षे राहत होतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर माणसे आली आणि गावाच्या कडेला मुरमाड माळावर प्लॉट पडून अशा वसाहती उठल्या. कोणी साक्रीकडचा, कोणी चोपड्याचा, कोणी पार मराठवाड्यातला. फाटकांना कुलपे आणि येता-जाता मानेने रामराम, एवढाच शेजार. मी फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. कल्पनेतल्या माणसांच्या मनात शिरण्याचे धाडस मी पुष्कळदा केले आहे. पण शेजारच्या फाटकातून आत शिरण्याचे धाडस मला बारा वर्षांत झाले नव्हते. ते गिलक्यांनी करविले. कसे, ते सांगायचे म्हणजे आधी माझा एक खोटेपणा सांगितला पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी वडील गेले आणि मी मायला गावाहून इकडे घेऊन आलो. आमचे गाव प्रकाशाच्या पलीकडे, तापीकाठी. तिथली जमीन काळी, लोण्यासारखी. काठी रोवली तरी तिला पालवी फुटेल की काय असे वाटावे. तिथून माय या मुरमाच्या माळावर आली. बरोबर एक ट्रंक, वडिलांचा फोटो आणि लुगड्याच्या तुकड्यात गाठ मारलेली एक पुरचुंडी. पुरचुंडीत गिलक्याचे बी होते, काळे, चपटे, राखेत घोळलेले. ते तिच्या माहेराहून तिच्या लग्नात तिच्याबरोबर आले होते. साठ वर्षे दर उन्हाळ्याला ते पेरले गेले आणि दर वर्षी एक फळ वेलावर राखून पुन्हा पुरचुंडीत गेले. नंदुरबारला आल्यावर तिने दुसऱ्याच दिवशी ती पुरचुंडी माझ्या हातात दिली. "आते तूच लाव," एवढेच म्हणाली.

वनस्पतिशास्त्र मी कॉलेजात जाऊन शिकलेलो नाही. पण मास्तर माणसाला आपल्याला न येणारा विषय जगात आहे, हेच मान्य नसते. मी पुस्तक आणले. पुस्तकात लिहिले होते की टणक सालीचे बी रात्रभर पाण्यात भिजवावे, म्हणजे लवकर उगवते. जानेवारीचे दिवस, उन्हाळी गिलक्याच्या लागवडीचीच ती वेळ. मी पुरचुंडीतले सगळेच्या सगळे बी एका वाडग्यात भिजत घातले. चार बिया बाजूला ठेवाव्यात, एवढी अक्कल सुचली नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेत स्नेहसंमेलनाची धांदल. वाडगे माडीवर राहिले. तीन दिवसांनी आठवण झाली तेव्हा पाण्याला वास मारत होता आणि बोटात धरताच बी बुळबुळीत होऊन फुटत होते.

त्या रात्री मी ते वाडगे मागच्या गटारात ओतले. सकाळी मायने विचारले, तेव्हा म्हटले, "पेरलं ना." आणि ते खरे वाटावे म्हणून बाजारातून तयार बियांची पाकिटे आणून गुपचूप आळी भरली.

पुढचे तीन महिने त्या बागेने मला जी शिक्षा केली, ती कोणत्याही हेडमास्तरांनी कोणत्याही पोराला केली नसेल. बी उगवले, पण दोन पाने फुटतात न फुटतात तोच तांबडे भुंगे आले आणि पानांची चाळण करून गेले. मी औषध आणले. बाटलीवर लिहिले होते त्याच्या दुप्पट मारले. वाफ्याच्या कडेला मिरचीची रोपे लावली होती, तिच्यावर बोकड्या पडला. पाने वाटीसारखी वळली, शेंडे खुरटले. बोकड्या पडलेले झाड सुधारत नाही, ते उपटून टाकलेले बरे. नाही तर पांढरी माशी तो रोग उचलून शेजारच्या झाडावर नेते. हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा मी त्या आजारी झाडांना खत घालीत बसलो आणि चांगली चार झाडेही गमावली. टमाट्याला फुले आली. पण एप्रिलात पारा चाळिशी ओलांडून गेला आणि फुले टपटप गळली. इतक्या उन्हात टमाट्याला फळ धरत नाही, हेही मी झाडाकडूनच शिकलो. आणि मी मात्र भर दुपारी, झाडांना तहान लागली असेल म्हणून, पाइप घेऊन उभा!

माय ओट्यावर बसून हे सगळे पाहत असे. एकदाच म्हणाली, "भाऊ, झाडले इतलं पाजू नको. त्याना मुया सडतीन." मुळे सडतील. सडण्याचा शब्द तिच्या तोंडून निघाला आणि माझ्या छातीत धस्स झाले.

पाकिटातला वेल मांडवावर चढला, पिवळ्या फुलांनी भरला. पण फळ धरेना. फुलामागे बोटभर गिलके दिसायचे, दोन दिवसांत पिवळे पडून गळायचे. कारण साधे होते. गिलक्याच्या वेलावर नराचे फूल वेगळे, मादीचे वेगळे. ज्याच्या मागे इवलेसे फळ असते ते मादीचे. एकाचा पराग दुसऱ्यावर नेणारी मधमाशी लागते, आणि माझ्या दुप्पट औषधाने भुंग्यांबरोबर मधमाश्याही बागेतून उठल्या होत्या. एके दिवशी पहाटे मला जाग आली. पाहतो तो माय मांडवाखाली उभी. गिलक्याचे फूल पहाटे उमलते. तिने नराचे एक फूल खुडले, पाकळ्या मागे मुडपल्या आणि ते मादीच्या फुलाच्या मध्याला हलकेच टेकवले. मला पाहून हसली. "लगीन लाई देस," म्हणाली. लग्न लावून देते!

ते लग्न मात्र माझ्या अंगाशी आले. कारण ते एकुलते एक गिलके वाढले आणि मायने ते हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिले. आमचे गिलके लांबट, फिक्या हिरव्या रंगाचे, देठाकडे बारीक. हे आखूड, गडद आणि गुबगुबीत. "हाई आपलं गिलकं नही," ती म्हणाली.

मी चाळिशी उलटलेला माणूस, रोज चाळीस पोरांना खरे बोलावे म्हणून सांगणारा, त्या मांडवाखाली खाली मान घालून उभा राहिलो आणि सगळे सांगून टाकले. वाटले, रडेल. आजीपासून चालत आलेले बी, साठ वर्षे सांभाळलेले, मी एका वाडग्यात नासवले होते. ती रडली नाही. ते गिलके सुपात ठेवून आत गेली आणि त्या दिवशी जेवली नाही. त्या न जेवण्यापेक्षा तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

आठवड्याने तिने नातवाकडून गावाला फोन लावून घेतला. आणखी दोन दिवसांनी मला म्हणाली, शहाद्याच्या एस.टी.ने एक माणूस येतोय, स्टँडवर जाऊन ये. गावाकडच्या एका ओळखीच्या गृहस्थाने माझ्या हातावर कागदाची पुडी ठेवली. घरी येऊन उघडली. काळे, चपटे, राखेत घोळलेले बी!

गोष्ट अशी होती. आमच्या गावच्या घराला भिंत लागून जे घर आहे, तिथे पंचवीस वर्षांपूर्वी नवी सून आली. परसात लावायला म्हणून मायने तिला मूठभर बी दिले होते. तिने ते लावले, राखले, पुढे आपल्या जावेला दिले, नणंदेला दिले. आमच्या घरातले बी मी नासवले; पण दिलेले बी पंचवीस वर्षे दुसऱ्याच्या परसात जिवंत होते. पुडी हातात घेऊन माय म्हणाली, त्याचा अर्थ असा: बी घरात ठेवावे ते विसरण्यासाठी, आणि लोकांना द्यावे ते राहण्यासाठी.

पुढच्या जानेवारीत मी फक्त हुकमाचा ताबेदार झालो. मायने चार खड्डे काढायला लावले, दोन दोन फूट खोल. मुरूम उपसून बाहेर टाकला. गावाहून टेंपोने काळी माती आणि कुजलेले शेणखत आणवले. मांडवाला पऱ्हाट्या. सकाळी दव असताना पानांवर चुलीची राख, म्हणजे भुंगे बसत नाहीत. बसलेच तर हाताने वेचून रॉकेलच्या पाण्यात. फळमाशीने टोचलेले, वाकडे झालेले गिलके दिसले की तोडून हातभर खोल पुरायचे. वेलाखाली सडू दिले तर त्यातल्या अळ्या मातीत उतरतात आणि पुन्हा माश्या होऊन वर येतात.

राहिले पाणी. नळाला पाणी दिवसाआड, तेही तासभर. मार्चअखेरीस शेजारचे एक गृहस्थ फाटकाशी थांबून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इथं माणसांना प्यायला पाणी नाही, आणि गुरुजी वेलांना पाजताहेत!" मला राग आला, पण बोलणे खोटे नव्हते, म्हणून जास्तच आला. मायने मात्र ते मनावर घेतले. तिने चार कोरी मडकी आणायला लावली आणि प्रत्येक आळ्यात एकेक गळ्यापर्यंत पुरले. मडक्यात पाणी भरून वर झाकणी. कोऱ्या मडक्यातून ते थेंबथेंब झिरपते आणि मुळांपाशीच जाते, उन्हाला त्याचा वाटा मिळत नाही. वर उसाच्या पाचटाचे पांघरूण. आणि मडक्यात घालायचे ते नळाचे पाणी नव्हेच. तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले, भांडी खंगाळलेले. पंधरा दिवसांनी त्याच गृहस्थांच्या घरून दोन बादल्या आल्या. त्यांच्या सूनबाईने सांगितले, "आमचं पण धुवण वायाच जातं, आजीबाई. तुमच्या मडक्यात ओता."

आणि मग गिलकी आली. कशी आली म्हणता! बाग ही मोठी हट्टी मालकीण. देत नाही तेव्हा कोथिंबिरीची काडी देत नाही आणि देऊ लागली की पदर पुरत नाही. चार वेल आणि रोजची दहा-बारा गिलकी. आम्ही खाणारी पाच तोंडे. सोमवारी मुगाची डाळ घालून भाजी, मंगळवारी भजी, बुधवारी भाजून दह्यातले भरीत, गुरुवारी सालींची तीळ घालून चटणी, शुक्रवारी पुन्हा भाजी. गिलके शिजले की पाणी होऊन बसते, टोपलीभर चिरावे तेव्हा पातेल्याच्या तळाशी वाटीभर उरते, तरीही संपेना. मुलगी ताटावर बसण्याआधी झाकण उचलून पाहायची आणि सुस्कारा टाकायची. सौ. म्हणाली, "आत्याबाई, आता मला स्वप्नातसुद्धा वेल चढताना दिसतात."

त्याच आळ्यांच्या कडेने गवार आणि मिरचीही लागली होती. पण त्यांची चिंता नव्हती. गवार मिठाच्या पाण्यात एक उकळी देऊन गच्चीवर पसरली की तिसऱ्या दिवशी कुडकुडीत. मिरची तर आमच्या गावाचा प्राण. गुंटूरच्या खालोखाल मिरचीच्या बाजारात नंदुरबारचे नाव घेतात. हिवाळ्यात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर एकरा-एकराने लाल मिरची पसरलेली असते, शेकडो बाया देठ खुडीत बसतात, आणि अवकाळी पावसाचा एक ढग दिसला की व्यापाऱ्यापासून हमालापर्यंत सगळ्यांच्या माना वर होतात. आम्ही तिला इतके आपले म्हणतो; पण ती आपली नव्हेच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती अमेरिकेहून इकडे आली. आपल्या लोकांनी तिला नाव दिले तेही घरातल्या मिऱ्यावरून. कोणी कोणाला मूठभर बी दिले असेल, त्याने शेजाऱ्याला दिले असेल. नाही तर खानदेशाने ठेचा कशाचा केला असता?

वाळवण म्हणजे आम्हाला उन्हाळ्याची हौस. पण माझ्या वर्गात अक्राणी, अक्कलकुव्याकडची मुले आहेत, त्यांच्याकडे ती वर्षाची कमाई. सातपुड्यात चैत्र-वैशाखात घरोघर कैऱ्या सोलतात, चिरतात आणि खडकांवर वाळवून आमचूर करतात. सुट्टीवरून परत आलेल्या पोरांची बोटे कैरीच्या चिकाने काळी झालेली असतात. मी पूर्वी हात धुऊन या म्हणून त्यांना नळावर पाठवीत असे. आता पाठवीत नाही.

तर गवार वाळते, मिरची वाळते, कैरी वाळते. गिलके वाळत नाही. ते आज खा, नाही तर आज द्या. उद्या त्याचा दोरखंड होतो. मायने पहिल्याच आठवड्यात हे ओळखले होते. रोज सकाळी ती टोपली घेऊन निघायची. कोणाच्या ओट्यावर बसायची, कोणाच्या बाळाला पाहायची, भाजी कशी करायची ते सांगायची, आणि देताना बजावायची की चिरल्यावर एक फोड चाखून बघा, कडू लागले तर टाकून द्या, गोड मानून शिजवू नका. मोठ्या उन्हात, पाणी कमी पडले की काकडी-दुधी-गिलक्याच्या जातीत कधी कधी कडवटपणा उतरतो आणि तो पोटाला बाधतो. बारा वर्षांत मला न कळलेली वसाहत तिने दीड महिन्यात पाठ केली.

वैशाखात तिला ताप भरला. पारा ४४ अंशांवर, डॉक्टरांनी अंथरुणातून हलू नका म्हणून सांगितले. ती पडून राहिली. पण डोळे दाराबाहेरच्या टोपलीवर. दोन दिवसांची गिलकी साचली होती. मी म्हटले, "माय, जाऊ दे ना आता." ती तापल्या आवाजात म्हणाली, "गिलकं दारमा पडनं ते सडी, लोकसना घर गयं ते शिजी." दारात पडले तर सडेल, लोकांच्या घरी गेले तर शिजेल. या वाक्याला उत्तर नव्हते. सडवण्याचा अनुभव तर माझ्याच नावावर होता. मी टोपली उचलली.

पहिल्या घरची आधार कार्डांची हकिकत सांगितलीच. पण दुसऱ्या घरापासून कोणी मला गुरुजी म्हणून पाहिलेच नाही. "आजींना काय झालं?" हाच प्रश्न. एका घराने ताकाचा तांब्या दिला, एकाने मोसंबी, एका आजीने अंगारा. पाणी वायाचे म्हणणारे ते गृहस्थ रिक्षा घेऊन आले आणि मायला तपासणीला नेताना पुढे बसले. संध्याकाळी टोपली रिकामी परत यायला हवी होती, ती भरूनच आली. माझ्या मायला या परक्या माळावर करमेल की नाही, याची मला तीन वर्षे धास्ती होती. ती त्या टोपलीत पाहून मी निर्धास्त झालो.

माय बरी झाली. आता काठी लागते, आणि टोपलीचे काम कायमचे माझ्याकडे आले आहे.

परवा धनत्रयोदशीला तिने मांडवावरचे ते एक फळ काढायला लावले. आमच्या वेलाचे पहिले आणि सगळ्यांत देखणे गिलके. मार्चमध्ये मी ते तोडायला हात घातला होता, तेव्हा तिने हात धरला होता: "पहिलं फय बीनं." चांगले ते खाऊन टाकायचे आणि उरलेले बियाण्याला ठेवायचे, ही माझी रीत, तिची उलटी. आता ते वाळून तपकिरी झाले होते, हलवले की खुळखुळत होते. तिने टोक मोडले, बी परातीत झाडले. जाळीची घासणी सौ.च्या हातात गेली. बी राखेत घोळवून पुड्या बांधायला कागद हवा होता. मी कादंबरीची खोडलेली पाने दिली. माझ्या साहित्याचा इतका चांगला उपयोग यापूर्वी कोणी केला नव्हता.

पुड्या अकरा झाल्या. मी विचारले, "यातली आपली कोणती?" मायने दहा पुड्या फराळाच्या ताटांत एकेक ठेवल्या, चकलीच्या शेजारी, ताटे मला उचलायला लावली, आणि उरलेली एक माझ्या खिशात कोंबली. मग डोळे मिचकावून म्हणाली, ही नासवलीस तरी चालेल.